वरून उतरलेले, तपासणी बाकी

जिथे झाडे उगवायची थांबतात आणि बुटाची नाडी बांधतानाही माणसाला मध्येच थांबून दोनदा श्वास घ्यावा लागतो, अशा उंचीवर एका बोगद्याचे काम चालले होते. त्या कामावर सव्वीस माणसे होती. तीन महिने वरच्या तळावर राहावे, मग पंधरा दिवस खाली घरी यावे आणि सोळाव्या दिवशी सकाळच्या गाडीने पुन्हा वर जावे, असा तिथला शिरस्ता होता. सोळाव्या दिवशी जो गाडीत बसला नाही, त्याचे नाव यादीतून कमी होई आणि त्याच्या जागी दुसरा मनुष्य चढे. दाराशी ताटकळणाऱ्यांची वाण कधीच नव्हती.

या सव्वीस जणांत एक फिटर होता आणि त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा त्याच बोगद्यात खडक फोडण्याचे यंत्र चालवीत असे. अंगाने तो असा आडवातिडवा होता की सारा तळ त्याला हत्ती म्हणे. फिटर मात्र धुळीच्या लोटातसुद्धा त्याला "दाजी, जरा सरका" असेच म्हणायचा. बाकीचे खिदळत, पण नाते ते नाते, आणि नात्यांच्या बाबतीत फिटर नटबोल्टाइतकाच काटेकोर होता.

फिटरच्या कामाचा एक भाग येथे सांगितला पाहिजे, कारण पुढील सर्व हकिगत त्यावरच उभी आहे. वरच्या विरळ हवेसाठी इंजिने आणि पंप वेगळ्या रीतीने लावावे लागतात. तेच यंत्र खाली आणले की दाट हवेत ते भलतेच धावते, आतून दमट होते, आणि तसेच पुन्हा वर नेले तर ऐन वेळी दगा देते. म्हणून डेपोच्या भिंतीवर नियम रंगवलेला होता : वरून उतरलेले काहीही आठ दिवस विसावल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय पुन्हा चढवू नये. गाडी खाली आली की फिटर प्रत्येक यंत्राला सुतळीने एक लाल चिठ्ठी बांधी. तिच्यावर छापलेले असे, 'वरून उतरलेले. तपासणी बाकी. चढवू नये.' त्याखाली फिटरची सही. तपासणाऱ्याची दुसरी सही झाल्यावाचून ती चिठ्ठी कुणी तोडू शकत नसे. आणि चिठ्ठी असेतोवर ते यंत्र यादीतूनही काढता येत नसे, 'दुरुस्तीत' असेच लिहावे लागे. घरी आलेल्या पंधरा दिवसांतले शेवटचे सात दिवस फिटर याच कामासाठी अर्धा दिवस डेपोत येत असे.

या नियमाचा राखणदार म्हणजे डेपोतला कारकून. शिट्टी गळ्यात, यादी हातात आणि कलमांचे आकडे जिभेवर. म्हणून सगळे त्याला कलमकाका म्हणत. एका थंडीत वरच्या पाण्याचा पंप बंद पडला, दुसरा, वरून उतरवलेला पंप डेपोत तयार होता, पण त्याच्या चिठ्ठीवर दुसरी सही नव्हती. कलमकाकाने पंप गाडीत चढू दिला नाही. वर सव्वीस माणसांनी चार दिवस बर्फ वितळवून तहान भागवली आणि खाली बसलेल्या त्या कारकुनाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्याच्यावर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही.

यंत्रांचे असे सर्व यथास्थित होते. माणसांचे काय होते, ते आता ऐकावे.

उतरण्याच्या सकाळी वरच्या तळावरच कंपनीचा डॉक्टर प्रत्येकाची छाती तपाशी आणि कागदावर 'निरोगी' असा शिक्का मारी. त्यानंतर खाली जे काही दुखेल-खुपेल ते 'घरगुती आजारपण' समजले जाई. आणि गंमत अशी की, उतरल्यावर चारआठ दिवसांत कुणा ना कुणाला हटकून काहीतरी होतच असे. ताप, खोकला, तोंडात फोड, एखाद्याच्या बरगडीवर नागीण. परंतु हा योगायोग आहे असे नुसते साहेबच नव्हे, खुद्द ती माणसेही मानीत. वर महिनोन्महिने कुणाला साधे पडसे होत नसे. त्यामुळे 'वरचा माणूस लोखंडाचा' अशी त्यांची समजूत झाली होती, आणि खाली येऊन जो आजारी पडे त्याची टिंगल होत असे. दोन वर्षांपूर्वी तळाचा आचारी असाच तापाने अडकला आणि त्याची जागा गेली. त्या वेळी सर्वांत मोठ्याने हसला होता तो फिटरच. "स्वतःच्या हातचं सोडून दुसऱ्याच्या हातचं खाल्लं, दुसरं काय होणार!" असे तो म्हणाला होता. तो विनोद पुढे त्याला फार महाग पडला.

या खेपेस खाली उतरल्यावर दाजी नुसता झोपू लागला. सकाळी झोप, जेवून झोप, दिवेलागणीला झोप. तिसऱ्या दिवशी फिटर बहिणीच्या घरी गेला तर हा भला मोठा देह खाटेवरून दोन्हीकडे ओघळलेला.

"दाजी, उठा! असे पडून राहिलात तर गंज चढेल."

"मेहुणे, अंगात जीवच नाही हो. हातपाय कुणीतरी काढून नेल्यासारखे झालेत."

"लोळून लोळून होतं तसं. चला, माझं कपाट हलवायचंय. चौथ्या मजल्यावर."

बहीण ओट्याशी उभी होती. ती म्हणाली, "दादा, राहू दे ना रे त्यांना. दमलेत."

"अगं, तीन महिने डोंगर फोडणारा माणूस हा! एका कपाटानं काय होतंय त्याला?"

हत्तीने कपाट चार मजले चढवले. नंतर दोघे, घामाने निथळत, खोकणाऱ्या-शिंकणाऱ्या माणसांनी खच्चून भरलेल्या बसमधून उभ्याने बहिणीच्या घरी परत आले. पाचव्या दिवशी दाजीला ताप भरला. आठव्या दिवशी बोलताना त्याला वाक्याच्या मध्ये थांबावे लागू लागले, जणू तो अजून वरच्या तळावरच उभा होता.

नवव्या दिवशी बहिणीने त्याला वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात नेले. फिटरही सोबत गेला. तिथल्या म्हाताऱ्या नर्सबाईंनी पाठीला नळी लावली, भुवया वर केल्या आणि विचारले, "हे कुठून आलेत?"

"वरच्या बोगद्यावरून," फिटर म्हणाला.

"मग बरोबर. तुमच्यातले दर खेपेला दोन-तीन तरी येतात माझ्याकडे. उजव्या फुप्फुसाला खाली सूज आहे. कधी उतरलात? आणि उतरल्यावर काय केलंत?"

बहिणीने भावाकडे पाहिले. फिटरला वाटले, हिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

"कपाट उचललं," तो पुटपुटला.

"काय उचललं?"

"कपाट. माझं. लोखंडी. नुसते झोपून होते, मी उठवलं आणि भरलेल्या बसनं नेलं-आणलं."

नर्सबाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे नीट पाहिले. "तुम्ही काय काम करता?"

"फिटर आहे मी."

"मग तुम्हाला समजायला पाहिजे. वर हवा विरळ. अंगाचा सगळा जोर श्वास आणि रक्त सांभाळण्यात जातो. आजाराशी लढणारी जी व्यवस्था असते ना, तिची घडी तिथेच विस्कटते. पण वर तुम्ही सव्वीस जण, तीच तोंडं, नवा आजार आणणार कोण? म्हणून कळत नाही. मग एका दिवसात तुम्ही खाली येता. हवा बदलली की शरीराला पुन्हा सगळं उलटं लावून घ्यावं लागतं. त्याची ती झोप म्हणजे आळस नव्हता, शरीर सावरत होतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत तुम्ही त्याला गर्दीत नेलंत."

"किती दिवस लागतात सावरायला?"

"कुणाला आठ, कुणाला महिना. सगळ्यांना एक माप नाही. म्हणून तर तपासायचं असतं, खाली आल्यावर. यांना तीन आठवडे विश्रांती पाहिजे. आणि आत्ता वर गेले तर…" त्यांनी बहिणीकडे पाहून वाक्य अर्धेच सोडले.

फिटर दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसला. कुणाला आठ, कुणाला महिना, म्हणून तपासायचे. हे शब्द तो वर्षानुवर्षे सुतळीने बांधीत आला होता! पंपाला बांधले, इंजिनाला बांधले, अगदी भंगार झालेल्या जुन्या दिवाबत्तीच्या यंत्रालासुद्धा बांधले. एका माणसाला म्हणून बांधले नाहीत. स्वतःची लाज वाटून झाल्यावर त्याला राग आला, आणि हा राग नेहमीसारखा जेवणाबरोबर उतरणारा नव्हता. तळपायाची आग मस्तकास जाणे म्हणजे काय, ते त्याला त्या दिवशी प्रथमच कळले.

बाराव्या दिवशी तो नर्सबाईंचा कागद घेऊन कंपनीच्या साहेबाकडे गेला. हा साहेब माणसांच्या याद्या पाहत असे. नोकरीच्या सबंध काळात तो वरच्या तळावर एकदाही गेलेला नव्हता. लोक उंटावरून शेळ्या हाकतात. हा खाली खुर्चीत बसून उंट हाकीत होता.

"सरकारी दवाखान्याचा कागद आम्हाला चालत नाही," साहेबाने कागद न उलगडताच परत केला. "कंपनीच्या डॉक्टरांचा लागतो."

"मग त्यांना दाखवतो. कुठे भेटतील?"

"वर. वरच्या तळावर."

"साहेब, तो वर जाण्याच्या लायकीचा नाही, असं लिहून आणायला तो वर जाईल?"

"पद्धत तशीच आहे. बरं, त्याला निरोगी शिक्का आहे ना? म्हणजे आमच्याकडून गेला तेव्हा ठणठणीत होता. घरी जाऊन काय केलं त्याने, ते आम्हाला कसं माहीत?"

फिटरच्या डोळ्यांपुढे ते कपाट आले. तरी तो म्हणाला, "दर खेपेला कुणीतरी पडतंच, साहेब. आचारी पडला, दिवाबत्तीवाला पडला. सगळ्यांच्याच घरी काय विष कालवतात का?"

"अहो, वरचे लोक तुम्ही, लोखंडाचे! तुमचेच लोक म्हणतात ना असं?" साहेब मायेने हसला. "एवढं मनाला लावून घेऊ नका. सोळाव्या दिवशी गाडीत बसवा त्याला. नाही बसला तर जागा भरावी लागेल. दाराशी चाळीस जण उभे आहेत."

स्वतःचाच जुना विनोद दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे यासारखी शिक्षा नाही. फिटर बाहेर पडला तो दातओठ खात.

बहिणीने तर निकालच लावला. "जागा गेली तर गेली. मी पाठवत नाही."

खाटेवरून दाजी म्हणाला, "आणि खाणार… काय? मी… जाणार." पाच शब्दांत दोनदा दम लागला. "आचाऱ्याचं काय झालं… पाहिलंस ना? दोन वर्षं… काम मिळेल तिथे… भांडी घासतोय. वर गेलो की… बरा होईन. वर कधी… पडसंसुद्धा होत नाही."

"दादा, सांग ना यांना!"

फिटर काय सांगणार? ही समजूत त्यानेच तर हसतहसत पक्की केली होती. तो एवढेच म्हणाला, "दाजी, सोळाव्या दिवशी सकाळी मी येतो न्यायला. माझ्याशिवाय निघू नका." बहिणीने त्याच्याकडे असे पाहिले की, त्या नजरेला उत्तर देण्यापेक्षा तोच बोगदा पुन्हा एकट्याने खोदणे त्याला सोपे वाटले असते.

सोळाव्या दिवसाची सकाळ उजाडली. डेपोच्या अंगणात गाडी उभी होती. एकीकडे तपासून झालेले दोन पंप, दुसरीकडे अजून लाल चिठ्ठी असलेले एक इंजिन, आणि मध्ये ट्रंका घेतलेली माणसे. कलमकाका शिट्टी तोंडात धरून यादीवर खुणा करीत होता. फिटरच्या खांद्यावर हात टाकून दाजी आला. पाठोपाठ बहीण, तिने डोळे कोरडे ठेवले होते, पण ओठ आवळून आवळून पांढरे केले होते.

"अरे, हत्ती वाळला की!" कुणीतरी ओरडले. "सासुरवाडीचं जेवण मानवलं नाही वाटतं!"

एरवी या वाक्यावर सर्वांत आधी फिटर हसला असता. त्याने खिशातून चिठ्ठ्यांचे पुस्तक काढले, एक लाल चिठ्ठी फाडली, तारीख घातली, खाली नेहमीच्या वळणाने सही केली, आणि दाजीच्या मनगटाला सुतळीने बांधली. इंजिनाला बांधतो तशीच, दुहेरी गाठ.

"मेहुणे, हे… काय?"

"हलू नका. नियम आहे."

हसण्याची एकच लाट उठली. फिटर त्या हसण्याकडे पाठ करून दाजीला घेऊन गाडीच्या दाराशी गेला. कलमकाकाने यादी वर केली, मनगट पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले.

"वरून उतरलेला?"

"पंधरा दिवसांपूर्वी."

"तपासणी?"

"झालेली नाही. वर झाली होती, उतरण्याआधी. खाली नाही."

"मग चढणार नाही," कलमकाका म्हणाला आणि शिट्टी वाजवली. "कलम चौदा. लाल चिठ्ठी असेल ते चढत नाही. बाजूला घ्या."

हसणे थांबले. गडबड ऐकून साहेब खोलीबाहेर आला. "काय तमाशा लावलाय हा? काढा ती चिठ्ठी!"

"दुसरी सही झाल्याशिवाय तोडता येत नाही, साहेब," कलमकाका शांतपणे म्हणाला.

"अहो, तो माणूस आहे! माणूस म्हणजे काय वस्तू आहे?"

तेव्हा फिटर बोलला. आयुष्यात तो साहेबासमोर इतक्या मोठ्याने कधी बोलला नव्हता, आणि पुढे काय बोलायचे ते त्याने ठरवूनही ठेवले नव्हते.

"वस्तू असता तर बरं झालं असतं, साहेब! ते इंजिन बघा. त्याला आठ दिवस सावलीत ठेवलं, पुसलं, तेल दिलं, दोनदा तपासलं, तरी दुसरी सही अजून बाकी आहे. आवाज जरा बदलला तर मी रात्रभर झोपत नाही. आणि हा माणूस! तीन महिने त्या हवेत खडक फोडतो, एका दिवसात खाली आणून फेकता, आणि शिक्का मारलाय म्हणता. कुठे मारला? वरच! गाडी सुरू व्हायच्या आधी! इंजिन उतरवण्यापूर्वी मी 'तपासलं' म्हणून सही केली असती, तर तुम्ही मला कामावर ठेवलं असतं का? त्याची छाती ऐका एकदा. नुसतं कान लावून ऐका. माझ्या पंपाचा असा आवाज आला असता ना, तर मी तो भंगारातसुद्धा दिला नसता, दुरुस्त केला असता! आणि हो, कपाट मी उचलायला लावलं त्याला. माझी चूक. मला कुणी सांगितलंच नव्हतं, वरून आलेला माणूस आठ दिवस ठेवायचा असतो म्हणून. पंपाचं मात्र भिंतीवर रंगवून ठेवलंत!"

दाजी खोकला, आणि तो खोकला सगळ्यांनी ऐकला. यापूर्वीही तो त्यांच्या कानांवर पडलाच असेल.

साहेब कलमकाकाकडे वळला. "त्याचं नाव कमी करा आणि गाडी सोडा."

"कमी करता येत नाही. लाल चिठ्ठी आहे तोवर 'दुरुस्तीत' लिहावं लागतं. आणि तपासणारा वस्तूकडे येतो, साहेब. वस्तू तपासणाऱ्याकडे नेत नाहीत. कलम सोळा." कलमकाकाने क्षणभर शिट्टीशी चाळा केला. "हा नियम तुमच्याच सहीचा आहे. पंपाच्या वेळी माझ्या सात पिढ्या काढल्या सगळ्यांनी, तेव्हाही मी हाच नियम पाळला होता. तेव्हा तुम्ही म्हणालात, शाब्बास."

मग एक गोष्ट घडली. दिवाबत्तीवाला गाडीतून खाली उतरला, शर्ट वर करून बरगडीवरची वाळत आलेली नागीण दाखवली आणि म्हणाला, "फिटर, मलाही एक." त्याच्यामागून आणखी एकजण आला. बाकीचे मात्र गाडीतच बसून राहिले, काहीजण खिडकीतून दुसरीकडे बघत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, दाराशी चाळीसजण उभे होतेच. फिटरने उतरलेल्या दोघांनाही चिठ्ठ्या बांधल्या आणि तो, स्वतःची ट्रंक उचलून, गाडीतल्यांबरोबर वर गेला. त्याच गाडीने दुसऱ्या दिवशी, साहेबाला धाडावा लागलेल्या निरोपावरून, कंपनीचा डॉक्टर कुरकुरत खाली उतरला. त्याने दाजीच्या पाठीला नळी लावली आणि पुष्कळ वेळ काढली नाही. मग चिठ्ठी उलटी करून मागे लिहिले : उजवे फुप्फुस. एकवीस दिवस चढवू नये. त्यानंतर पुन्हा तपासावे. दुसऱ्या सहीची जागा त्याने कोरी ठेवली.

आठवड्याने डेपोच्या भिंतीवर नवा कागद लागला, 'लाल चिठ्ठ्या केवळ यंत्रांसाठी आहेत. माणसांना बांधू नयेत.' आजारी माणसाने काय करावे, याविषयी त्यात अवाक्षरही नव्हते. म्हणजे खोट जिथे दिसली तिथे यांनी दुरुस्ती केली नाही, खोट दाखवणारी खूण तेवढी बंद केली! ही बातमी वर पोहोचली तेव्हा फिटरने पाना आपटला आणि सगळ्यांसमोर सांगितले की पुढच्या उतरणीला आपण चिठ्ठ्या नव्हे, खडूने पाठीवर लिहू. आणि मग बघू कोणते कलम काढतात ते.

खाली, बहिणीच्या घरी, दाजी खाटेवर झोपला होता. त्याचा श्वास आता वाक्याच्या शेवटपर्यंत पोहोचत होता. मनगटावरची सुतळी मळून काळी झाली होती. बहीण कात्री घेऊन आली आणि हळूच गाठीला लावणार, एवढ्यात त्याने डोळे न उघडताच हात ओढून घेतला.

"थांब," तो म्हणाला. "सही झालेली नाही अजून."